विश्लेषण : जुन्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका शोधायची कुठे? शेतकऱ्याच्या थकबाकीशी तिचा संबंध काय?

पीककर्ज कोणत्या दिवशी फेडले, हा प्रश्न शेतकऱ्याला दर काही वर्षांनी नव्याने विचारला जातो. कधी कर्जमाफीसाठी, कधी प्रोत्साहन अनुदानासाठी, कधी व्याज सवलतीसाठी. उत्तर देण्यासाठी गावातील सेवा सहकारी संस्थेला किंवा तालुक्याच्या पतसंस्थेला अनेकदा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर उघडावे लागते. त्यातून अहवाल छापून निघतो. पण त्यातील ‘येणे बाकी’ आजची की मागील ३१ मार्चची, व्याज धरून की व्याज सोडून, हे सांगणारा कागद सापडत नाही. सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्याचा फोन लागत नाही आणि ते चालवणारा लिपिक निवृत्तीला आलेला असतो. सहकारी संस्थांचे व्यवहार नव्या प्रणालीत नेण्याचे काम सुरू असताना या हरवलेल्या माहितीची किंमत कोण मोजणार, हा खरा प्रश्न आहे.

‘रिपोर्टिंग टूल’ म्हणजे नेमके काय?

डेटाबेसमध्ये माहिती सुट्या तक्त्यांत असते. एका तक्त्यात सभासदांची नावे, दुसऱ्यात कर्जे, तिसऱ्यात भरणा. या तक्त्यांतून हवी ती माहिती उचलून, बेरीज-वजाबाकी करून, कागदावर ठरलेल्या रकान्यांत मांडणारे साधन म्हणजे रिपोर्टिंग टूल. किर्द, खतावणी, तेरीज, थकबाकी यादी असे जे कागद लेखापरीक्षकासमोर किंवा सभासदासमोर येतात, ते यातूनच तयार होतात. आकडे तक्त्यात असतात. कोणते आकडे घ्यायचे, कोणते सोडायचे आणि कोणत्या तारखेपर्यंतचे धरायचे, हा निर्णय मात्र अहवालाच्या रचनेत दडलेला असतो. म्हणून अहवालाची रचना समजली नाही, तर डेटा सुरक्षित असूनही हिशेब समजत नाही.

ही साधने इतकी जुनी कशी झाली?

छोट्या संस्थांसाठी १९९० आणि २०००च्या दशकात लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नावे वारंवार दिसतात. पहिले फॉक्सप्रो. फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी १९९२मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. ‘व्हिज्युअल फॉक्सप्रो ९’ ही २००४मधील आवृत्ती शेवटची ठरली. यापुढे नवी आवृत्ती येणार नाही, असे २००७मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१५मध्ये कंपनीचे साहाय्य पूर्णपणे थांबले.

दुसरे नाव क्रिस्टल रिपोर्ट्स. कॅनडातील एका छोट्या कंपनीचे हे साधन १९९४मध्ये सीगेटकडे, २००३मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे आणि २००८च्या सुरुवातीला सॅपकडे गेले. व्हिज्युअल बेसिकसोबत ते अनेक वर्षे मिळत असल्याने संस्थांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोग्रामरांच्या ते हाताशी होते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१०पासून ते सोबत येणे बंद झाले. क्रिस्टल रिपोर्ट्स आजही विकले जाते, नव्या आवृत्त्याही येतात. अडचण जुन्या आवृत्तीत बनवलेल्या आणि पुढे कोणी हात न लावलेल्या अहवालांची आहे. मोठ्या कार्यालयांत वापरले गेलेले ओरॅकल रिपोर्ट्सही याच वाटेवर आहे. ओरॅकलने ते कालबाह्य ठरवून ग्राहकांना दुसऱ्या साधनाकडे वळण्यास सांगितले आहे.

माहितीपुस्तिका हरवते कशी?

एक कंपनी दुसरीने घेतली की पहिलीचे संकेतस्थळ हळूहळू बंद होते. जुने दुवे तुटतात, पुस्तिका नव्या जागी हलवल्या जातात आणि खूप जुन्या आवृत्त्यांच्या पुस्तिका हलवल्याच जात नाहीत. छापील पुस्तिका प्रोग्रामरकडे राहिलेली असते, संस्थेकडे आलेलीच नसते.

पुस्तिका संगणकात असूनही ती उघडत नाही, असेही होते. १९९०च्या दशकातील सॉफ्टवेअरमध्ये मदतीची फाइल ‘एचएलपी’ प्रकारची असे. ती उघडणारा प्रोग्राम विंडोज व्हिस्टापासून सोबत मिळणे बंद झाले आणि विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टने तो दिलाच नाही. त्यानंतरच्या ‘सीएचएम’ प्रकारच्या फाइल नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावरून उघडल्यास सुरक्षेच्या कारणास्तव कोऱ्या दिसतात. फाइल बिघडली असे समजून ती काढून टाकली जाते. प्रत्यक्षात ती आपल्या संगणकावर आणून, तिच्या गुणधर्मांत जाऊन ‘अनब्लॉक’ केली की बहुतेक वेळा उघडते.

मग ती शोधायची कुठे?

शोधाची सुरुवात त्याच जुन्या संगणकापासून करावी. सॉफ्टवेअर जिथे बसवले आहे तो फोल्डर, मूळ सीडीतील ‘डॉक्स’ नावाचा फोल्डर आणि नमुना अहवालांचा फोल्डर या तीन जागा आधी पाहाव्यात. पुढची पायरी आवृत्तीचा नेमका क्रमांक नोंदवण्याची. ‘क्रिस्टल रिपोर्ट्स’ एवढेच शोधले तर वीस वर्षांतील सगळ्या आवृत्त्यांची सरमिसळ समोर येते. त्यानंतर सध्याच्या मालक कंपनीचे अधिकृत मदत-संकेतस्थळ पाहावे. मायक्रोसॉफ्टने जुन्या साधनांची बरीच माहिती ‘मागील आवृत्त्या’ या विभागात ठेवली आहे. तिथेही नसेल तर ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’वर त्या कंपनीच्या जुन्या संकेतस्थळाचा पत्ता टाकून पाहावा. १९९६पासूनची असंख्य संकेतस्थळे तिथे जपून ठेवलेली आहेत आणि काही वेळा पुस्तिकेची पीडीएफही मिळते.

एआय चॅटबॉटला विचारण्याचा मोह होतो. तो उत्तर देतो, पण जुन्या साधनांच्या बाबतीत एका आवृत्तीचा मेनू दुसऱ्या आवृत्तीला चिकटवतो. त्याचे उत्तर पुस्तिकेशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. सभासदांची नावे आणि खाती असलेली फाइल तर त्याला देऊच नये. अनोळखी संकेतस्थळावरून ‘मोफत ड्रायव्हर’ उतरवणेही धोक्याचे आहे.

पुस्तिका मिळालीच नाही तर?

बहुतेक साधनांत अहवालालाच त्याची रचना विचारता येते. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये ‘डेटाबेस’ मेनूतील ‘शो एसक्यूएल क्वेरी’ निवडली की कोणत्या तक्त्यातून काय उचलले जाते ते दिसते. अहवाल निर्यात करताना ‘रिपोर्ट डेफिनिशन’ हा पर्याय घेतला, तर अहवालाचे विभाग आणि सूत्रे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळतात. फॉक्सप्रोतील अहवालाची ‘एफआरएक्स’ फाइल हा खरे तर एक तक्ताच असतो. तिच्यासोबतची ‘एफआरटी’ फाइल जागेवर असेल तर फॉक्सप्रोमध्येच ती तक्त्यासारखी उघडून प्रत्येक रकान्यामागचे सूत्र वाचता येते. ओरॅकल रिपोर्ट्सची ‘आरडीएफ’ फाइल सोबतच्या रूपांतरकाने एक्सएमएलमध्ये बदलता येते. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये तर यासाठी ‘डेटाबेस डॉक्युमेंटर’ नावाची सोयच आहे.

काही वेळा अहवाल उघडतो, पण डेटाबेसला जोडला जात नाही. जुने ड्रायव्हर ३२ बिटचे असतात. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या जोडण्या दाखवणाऱ्या खिडक्या दोन असतात, एक ६४ बिटची आणि एक ३२ बिटची. पहिल्या खिडकीत जुना ड्रायव्हर दिसत नाही, म्हणून तो गेला असे मानले जाते. दुसरी उघडली की तो तिथे सापडतो.

एवढे करूनही काम का अडते?

पुस्तिका साधन कसे चालवायचे ते सांगते. ‘थकबाकी यादी क्रमांक ३’ आपल्या संस्थेत काय मोजते, हे ती सांगू शकत नाही. ते फक्त अहवाल बनवून घेणाऱ्याला आणि रोज वापरणाऱ्याला ठाऊक असते. हिशेब चुकतो तोही इथेच. तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण खोडलेल्या नोंदींचे. फॉक्सप्रोत एखादी नोंद काढून टाकली, तरी ती लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर फक्त ‘काढली’ अशी खूण होते. नोंद कायमची जाण्यासाठी ‘पॅक’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. जुने सॉफ्टवेअर सुरू होतानाच खूण केलेल्या नोंदी लपवण्याची सूचना देत असे, त्यामुळे त्या वर्षानुवर्षे कोणाला दिसल्या नाहीत. नव्या प्रणालीत डेटा नेणाऱ्याने ही खूण पाहिली नाही, तर त्या सगळ्या नोंदी जिवंत होऊन पुढे येतात. चुकून दोनदा लिहिलेले आणि म्हणून खोडलेले कर्ज सभासदाच्या नावावर पुन्हा उभे राहू शकते.

दुसरे उदाहरण तारखेचे. तारीख तारखेच्याच प्रकारात साठवली असेल तर अडचण नाही. पण अनेक प्रोग्रामरांनी ती साधा मजकूर म्हणून साठवली. ‘०७/०६/१८’ म्हणजे आपल्याकडे ७ जून, अमेरिकी पद्धतीने वाचले तर ६ जुलै. परतफेडीची मुदत ३० जून असेल, तर याच दोन वाचनांमध्ये नियमित कर्जदार आणि थकबाकीदार हा फरक पडतो.

तिसरे उदाहरण ‘त्या दिवशीच्या बाकी’चे. काही जुने अहवाल नेहमी आजची बाकी छापतात आणि वर मात्र वापरणाऱ्याने टाकलेली तारीख छापतात. कागदावर ३१ मार्च लिहिलेले असते, आकडा अहवाल काढला त्या दिवसाचा असतो. अनुभवी लिपिकाला हे माहीत असते, म्हणून तो ३१ मार्चच्या संध्याकाळीच छापील प्रत काढून ठेवतो. ही सवय कुठेही लिहिलेली नसते. तो निवृत्त होतो आणि ती त्याच्याबरोबर जाते.

शेतकऱ्याला याची झळ कशी बसते?

राज्यातील अलीकडच्या कर्जविषयक योजना जुन्या तारखांवर उभ्या आहेत. २०१७च्या कर्जमाफीसाठी ३० जून २०१६ रोजीची थकबाकी पाहिली गेली. त्या वेळी बँकांकडून ६६ रकान्यांत माहिती मागवण्यात आली होती आणि याद्यांतील विसंगतींमुळे झालेला गोंधळ राज्याने पाहिला. २०१९च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळातील कर्जाची ३० सप्टेंबर २०१९ रोजीची थकबाकी हा निकष होता. जुलै २०२२मध्ये नियमित कर्जफेड करणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याचा निर्णय झाला, तेव्हा २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपैकी दोन वर्षांतील परतफेड तपासली गेली. म्हणजे २०२२मध्ये संस्थेला २०१८च्या जूनमधील भरणा सिद्ध करावा लागला.

समजा, भद्रावती तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७ जूनला कर्ज फेडले आणि अहवालाने ती तारीख ६ जुलै वाचली. पावती त्याच्या घरी असेल तर तो भांडू शकतो. पावती पावसात भिजून गेली असेल, तर संगणकाचा कागद खरा आणि शेतकरी खोटा ठरतो.

भद्रावतीत हा प्रश्न शेतकऱ्यांपुरता नाही. इथे कापूस, सोयाबीन आणि धान पिकवणारे शेतकरी आहेत, तसेच वेकोलिच्या माजरी क्षेत्रातील खाण कामगार आणि चांदा आयुध निर्माणीचे कर्मचारीही आहेत. पगारातून कपात करून चालणाऱ्या पतसंस्थांचे हिशेब नोकरीभर, म्हणजे तीस-पस्तीस वर्षे टिकावे लागतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन चांद्याची निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीत गेली. मालकाचे नाव बदलले तरी कामगाराची जुनी वर्गणी जुन्याच नोंदीत राहते. १९९०च्या दशकात वीज प्रकल्पासाठी याच परिसरात जमीन संपादित झाली आणि तो प्रकल्प उभा राहिला नाही. कोणाची किती जमीन गेली आणि किती मोबदला मिळाला, हे प्रश्न अशा वेळी दशकांनंतरही विचारले जातात. त्यांची उत्तरे जुन्या नोंदींतूनच द्यावी लागतात.

मराठी अक्षरांची वेगळी अडचण कोणती?

युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर विशिष्ट फाँटच्या आधारे साठवला जाई. श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या ‘डीव्हीबी-टीटी’ मालिकेतील फाँट त्यासाठी वापरले जात. डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांची रांग असते आणि फाँट तिला मराठीचे रूप देतो. तो फाँट नसेल तर सभासदाच्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण मूळ फाँट कोणता हे त्यांना सांगावे लागते. जोडाक्षरे आणि ‘वऱ्हाडे’, ‘कुऱ्हाडे’ यांसारख्या आडनावांतील अर्धा ‘ऱ’ इथे हमखास तपासावा लागतो. आधारवरील नाव आणि संस्थेच्या यादीतील नाव जुळवताना अशी एक चूकही पुरते. म्हणून संस्थेच्या टिपणात फाँटचे नाव असणे हे सूत्राइतकेच गरजेचे आहे.

सात-बाराचा अनुभव काय सांगतो?

राज्याने मोठ्या प्रमाणावर जुन्या नोंदी संगणकात नेण्याचा अनुभव सात-बाराच्या निमित्ताने घेतला आहे. हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यांत फरक आढळल्यावर ‘री-एडिट’ मोहीम हाती घ्यावी लागली. २०१७मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, खातेदारांसमोर नोंदी वाचून दाखवल्या गेल्या. डिजिटल स्वाक्षरीचे उतारे १ मे २०१८पासून मिळू लागले, ते या खटाटोपानंतर. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५चा आधार आजही घ्यावा लागतो.

या अनुभवात दोन गोष्टी कामी आल्या. ताडून पाहायला हस्तलिखित मूळ प्रत शिल्लक होती आणि ज्याची नोंद आहे त्याला ती वाचून दाखवली गेली. संगणकातच जन्मलेल्या हिशेबाला हस्तलिखित मूळ नसते. तिथे दरवर्षीची छापील तेरीज आणि थकबाकी यादी हीच मूळ प्रत. १३२ रकान्यांच्या कागदावर डॉट मॅट्रिक्सने छापलेले ते गठ्ठे रद्दीत घालणे म्हणजे पुरावा विकणे होय.

आता काय करायला हवे?

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना जून २०२२मध्ये मंजूर झाली. त्या वेळी देशातील ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा तिचा आवाका होता. महाराष्ट्रातील सुमारे १२ हजार संस्था तिच्यात आहेत. अनेक गावांत गटसचिवांच्या वह्यांतून, तर काही ठिकाणी स्थानिक सॉफ्टवेअरमधून माहिती नव्या प्रणालीत जाते. शहरी आणि पगारदार पतसंस्थाही आपापल्या परीने सॉफ्टवेअर बदलत आहेत. एकदा स्थलांतर झाले आणि जुना संगणक भंगारात गेला की मागे जाण्याचा रस्ता राहत नाही.

त्याआधी करण्याची कामे फार खर्चाची नाहीत. नियमित वापरातील प्रत्येक अहवालासाठी एका पानाचे टिपण लिहावे. अहवालाचे नाव, तो कोण मागतो, कोणत्या तक्त्यांतून येतो, बाकी कोणत्या तारखेची, व्याज कसे धरले, काय वगळले, फाँट कोणता. हे टिपण जुन्या लिपिकाला शेजारी बसवून लिहावे आणि त्यासाठी त्याला मानधन द्यावे. जुना संगणक आभासी यंत्राच्या रूपात जपावा. इंटरनेटला तो जोडू नये, कारण विंडोज एक्सपीला २०१४पासून आणि विंडोज ७ला २०२०पासून सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत. सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या डोंगलवर चालत असेल, तर तो आधी सांभाळावा, कारण नक्कल केलेल्या यंत्रात तो चालेलच असे नाही.

नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी मागील एखाद्या वर्षाची ३१ मार्चची छापील तेरीज घेऊन तोच अहवाल नव्या प्रणालीतून काढावा आणि ताळा करावा. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नये. एका सभासदाची वाढलेली आणि दुसऱ्याची घटलेली रक्कम बेरजेत दिसत नाही, म्हणून सभासदनिहाय बाकीही जुळवावी. सॉफ्टवेअरच्या नव्या करारात तक्त्यांची रचना आणि अहवालांची सूत्रे संस्थेच्या ताब्यात देण्याची अट घालावी, अंतिम देयकाआधी.

सभासदाच्या हातातही एक साधन आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ३२नुसार स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात पाहण्याचा त्याला हक्क आहे. स्थलांतराच्या आधी आणि नंतर आपला खाते उतारा मागून घेणे, दोन्ही जुळवणे आणि पावत्या जपणे हे त्याने करावे. पण सगळा भार त्याच्यावर टाकणे न्याय्य नाही. ज्याप्रमाणे सात-बाराचे चावडी वाचन झाले, त्याप्रमाणे नव्या प्रणालीत गेलेल्या बाक्या आमसभेत किंवा सूचना फलकावर न लावता प्रत्येक सभासदाला स्वतंत्रपणे कळवल्या जाव्यात. हरकतीसाठी मुदत द्यावी आणि ती संपेपर्यंत जुना डेटा कोणी पुसू नये. सहकार खात्याने ही अट स्थलांतराच्या प्रक्रियेतच घातली, तर उद्याच्या एखाद्या योजनेच्या यादीतून नाव गळलेल्या शेतकऱ्याला ‘सिस्टीममध्ये असेच दाखवत आहे’ हे उत्तर ऐकावे लागणार नाही.